आधी येणारी गाडी

१

कॉफी कधी चढवायची हे आमच्या तळ्याकाठी घड्याळ सांगत नाही, गाडी सांगते. पलीकडच्या रानात रेनडिअरना चारा टाकून, बर्फाखालची माशांची जाळी उपसून पुरुषमाणूस परत निघाला, की त्याची बर्फगाडी तळ्यातल्या बर्चझाडांच्या बेटाला वळसा घालते. तिथून पुढे तिचा आवाज थेट स्वयंपाकघराच्या खिडकीवर येतो. त्या क्षणी भांडं चुलीवर ठेवायचं. कॉफीला उकळी फुटते आणि ओसरीवर बुटांचा बर्फ झटकला जातो, दोन्ही एकदमच. माझी सासू असंच करायची, मीही बत्तीस वर्षं असंच करत आले.

गाडी कुणाची हे आम्ही बायका आवाजावरून सांगतो. हुओतारीभावोजींची खोकते. मास्तरांची चढावर शीळ घालते. माझ्या नवऱ्याची, एव्वानची, जुनी गाडी दम लागलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखी धापा टाकत यायची, आणि मला तो आवाज देवळातल्या घंटेइतकाच आवडायचा.

जानेवारीत एके दिवशी तो आवाज आलाच नाही. तळ्याच्या मधोमध पिस्टन अडकला आणि इंजिन गप्प झालं. उणे चौतीस होतं. एव्वान चालत आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि डावा कान मेणासारखा दिसत होता. आणखी एखादा मैल असता तर तो आलाच नसता. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

मी देवाच्या कोपऱ्यातला दिवा लावला आणि संत त्रिफोनाला नवस बोलले. याला दगा न देणारं इंजिन मिळू दे. तळ्याचा बर्फ फुटेपर्यंत हा रोज घरी येऊ दे. तोवर माझ्या कॉफीत साखर नाही.

हुओतारीभावोजी म्हणजे एव्वानचा चुलतभाऊ. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्यासमोर मुद्दाम तीन खडे टाकून कॉफी ढवळली. म्हणाले, "वहिनी, पिस्टन अडकला एव्वानचा आणि पथ्य तुम्हाला? हे डॉक्टर कोण म्हणायचे?"

२

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती. वापरलेलीच बघायची होती, आणि वापरलेल्या गाडीविषयी एव्वानचं मत ठरलेलं होतं. दुसऱ्याचं पाप आपण पदरात घ्यायचं, वर आभारही मानायचे. दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी दिसली ती तळ्याच्या दूरच्या टोकाला राहणाऱ्या आउनेबाईंची. नवरा उर्हो आदल्या हिवाळ्यात वारला होता आणि त्याची गाडी विकायची होती. आम्ही स्कोल्ट, इथल्या मूळच्या सामी लोकांपैकी, त्या फिनिश. देऊळ वेगळं, पण तळं एकच.

जुनी गाडी बघायला जायचं तर वेळ कळवायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. दुपारी येतो म्हणायचं आणि सकाळी जाऊन उभं राहायचं. हातमोजा काढून पहिल्यांदा इंजिनाच्या झाकणाखाली तळवा टेकायचा. इंजिन कोमट लागलं तर समजायचं, विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलंय. गार असताना ते सुरू होत नाही, हाच त्याचा रोग.

आम्ही हुओतारीभावोजींच्या गाडीवरून सकाळीच पोचलो. शेडच्या दारासमोर कमरेएवढा बर्फ साचला होता, त्यावर ना पाऊल ना फावड्याची खूण. एव्वाननं स्वतः अर्धा तास बर्फ उपसला तेव्हा दार उघडलं. आत गाडी ताडपत्रीखाली होती. त्यानं मोजा काढून तळवा टेकवला, आणि तो तसाच थांबला.

मग माझा हात धरून तिथं ठेवला. चुलीवरून काढून पाच मिनिटं झालेल्या भांड्यासारखं ते लोखंड कोमट होतं.

आउनेबाई दारात लोकरीची शाल आवळून उभ्या होत्या. उर्होनंतर गाडीला कुणी हात लावलेला नाही, असं त्या आधीच सांगून चुकल्या होत्या. एव्वाननं फक्त त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ऊन येतं आत. शेडला एकच खिडकी होती आणि ती उत्तरेकडे होती. मी मनात म्हटलं, पत्र्याचं छप्पर आहे, तापत असेल. उणे अठरा होतं, पण मन समजूत घालायला बसलं की त्याला उणे अठरा आडवं येत नाही.

दोरीच्या पहिल्याच ओढीला इंजिन लागलं. एव्वाननं ते बंद केलं, पुन्हा लावलं. प्लग काढून पाहिले तर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे, म्हणजे जसे हवेत अगदी तसे. पट्टा चांगला, तेल स्वच्छ, प्लगच्या भोकावर ठेवलेल्या अंगठ्याला दाब बरोबर. तासभर तो खोट शोधत होता आणि दर मिनिटाला त्याचा चेहरा जास्त उतरत होता. "काहीच बिघडलेलं नाही," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "मला हे आवडत नाही."

का विकताय, हे त्यानं तीनदा विचारलं. मला चालवता येत नाही, हेच उत्तर तीनदा आलं. शेवटी मीच हळू विचारलं, उर्हो कशानं गेले.

"गारठून."

"तळ्यावर गाडी बंद पडली?"

"नाही हो," आउनेबाई म्हणाल्या. "ती कधीच बंद पडली नाही. गाडी घरी होती."

३

बाटलीच्या नादात माणूस बाहेर पडला असेल, असा संशय मी घेतला आणि परतीच्या वाटेवर त्याबद्दल देवाची क्षमाही मागितली. उपासाच्या दिवसांत मेलेल्या माणसाविषयी असं मनात आणू नये. ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास तेव्हा नुकताच लागला होता.

गाडी आम्ही घेतली, आणि तिचा आवाज मी दोन दिवसांत पाठ केला. खालच्या सुरातला, सलग, कणीक मळताना बाई तोंड मिटून गुणगुणते तसा. मला बरं वाटत होतं. नवस फळला, असंही मी म्हणून टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात आवाजानं बेटाला वळसा घातला. मी भांडं चढवलं. आवाज काठाशी येऊन थांबला. कॉफी उतू गेली तरी ओसरीवर कुणी नाही. खिडकीतून पाहिलं तर काठ मोकळा, गाडीही नाही. मी चूल पुसत असताना पुन्हा तोच आवाज बेटामागून आला, आणि या खेपेला एव्वान आला. बूट झटकले, आत येऊन कॉफी मागितली. ती गार होत चालली होती.

मी म्हटलं, प्रतिध्वनी असेल. एव्वान म्हणाला, असेल. हुओतारीभावोजी म्हणाले, "उपाशी पोटात कावळे ओरडतात, वहिनी. तुमच्या पोटात गाडी ओरडते. एक लोण्याचा तुकडा खा, बंद होईल." आम्ही हसलो.

पण अंतर वाढत गेलं. आधी कॉफी कोमट मिळायची. मग ती पार गार व्हायला लागली. मग मी पहिला आवाज ऐकून भांडं चढवायचंच सोडलं आणि दुसऱ्याची वाट पाहू लागले. कानांनी बत्तीस वर्षांत मला कधी फसवलं नव्हतं. आता मी रोज त्यांना खोटं ठरवत होते.

४

एव्वानचा संशय मात्र सगळा इंजिनावर होता. शनिवार आला की तो झाकण उघडून बसायचा. एकदा त्यानं मला किलोमीटरचा आकडा दाखवला. तो दिवसाला जितका फिरत होता, त्याच्या बरोबर दुप्पट आकडा पुढे सरकत होता. पेट्रोल मात्र एकाच फेरीचं जळत होतं. "कुणीतरी मीटरमध्ये हात घातलाय," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला जरा समाधानच वाटलेलं मला दिसलं. शेवटी एक तरी खोट सापडली होती.

हुओतारीभावोजींनी गाडी उलटीपालटी तपासली. एवढं गुणी इंजिन त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. विकायची झाली तर पहिला निरोप मला, असं सांगून गेले.

मग एका बुधवारी सकाळी आवाज आला तेव्हा एव्वान अजून निघालेलाच नव्हता. तो ओसरीवर बुटाचे बंद आवळत होता. आवाज बेटाला वळला, काठाशी आला, थांबला. एव्वानची बोटं बंदावर थांबली.

"हुओतारी असेल," तो म्हणाला.

हुओतारीभावोजींची गाडी खोकते, हे त्यालाही ठाऊक होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तो गेला आणि संध्याकाळच्या आत सुखरूप परतला. मी दिव्यात तेल घातलं आणि मनाशी ठरवलं की तो आवाज म्हणजे देवाचं वचन आहे. आधी कळवतात, माणूस येणार आहे म्हणून. आशा धरायची सवय असलेल्या बाईला भीतीचीसुद्धा आशा करता येते.

तरी गुरुवारी मी काठावर जाऊन पाहिलं. एव्वानच्या गाडीची पट्टी उमटली होती, आणि तिच्या शेजारी आणखी एक, तशीच. ती आमच्या गाडी लावायच्या खांबाशी येऊन संपत होती. तिथून परत गेलेली खूण नव्हती. आणि तिच्या बाजूला, जिथे चालवणारा उतरतो तिथे, बुटाचा एकच ठसा होता. डाव्या पायाचा.

शुक्रवारी तीन ठसे होते. सोमवारी ते काठावर पालथ्या घातलेल्या होडीपर्यंत आले. मी रोज फावड्यानं बर्फ लोटून ते बुजवायची आणि एव्वानला सांगायची की वाट साफ केली. पुढच्या गुरुवारी ते सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीला पोचले. आमच्या सौनापासून घराची ओसरी वीस पावलं आहे.

५

मी आउनेबाईंना फोन केला. गाडी परत घ्या, म्हटलं. हवं तर काही परत देऊ नका, नुसती घ्या.

त्यांच्या मागं कुठंतरी घड्याळ वाजत होतं. मग त्यांनी विचारलं, "कुठवर आलीत?"

मी पावलांविषयी अवाक्षरही काढलं नव्हतं. सौनापर्यंत, मी म्हटलं.

"मला तेव्हा आनंदच झाला होता. माणूस लवकर घरी आला म्हणून. मी त्याला जेवायला वाढलं." त्यांचा श्वास फोनवर घासल्यासारखा येत होता. "मग दार वाजलं. मी उठले नाही."

"का?"

"का म्हणजे? माझा नवरा तर समोर जेवत होता, बाई. मी कुणासाठी उठू?"

मी फोन ठेवला. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं मन आहे, दुःखानं भलत्या वाटेला गेलंय, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

रात्रीच्या जेवणाला मी एव्वानला सगळं सांगितलं. ठसे, बुजवलेला बर्फ, फोन. तो हसला नाही. पण पलीकडे चाळीस जनावरं होती, बर्फावर पाणी चढायला लागलं होतं, आणि त्यांना अलीकडे आणायला एक फेरी राहिली होती. हुओतारीभावोजींच्या गाडीवर जा, मी म्हटलं.

"त्या खोकलेल्या गाडीवर? त्यापेक्षा चालत जातो." मग त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "हे एकदाच. नंतर ती गाडी मी स्वतः नेऊन टाकतो. काहीही असो, नास्का, इंजिन मला तळ्यात सोडणार नाही. तेवढा भरवसा आहे माझा."

६

शुक्रवारी सकाळी नऊला तो गेला. तोवर कुठलाही आवाज आला नव्हता, म्हणून मला हलकं वाटत होतं.

एकच्या सुमाराला आवाजानं बेटाला वळसा घातला. मी भांड्याला हात लावला नाही. आवाज काठाशी थांबला. मग पावलं आली. होडी, सौना, अंगण. ओसरीवर बूट झटकले गेले, एकदा डावा, एकदा उजवा. दार उघडून एव्वान आत आला.

गाल लाल, डोळ्यांत पाणी, तोच आकसलेला कान. मी खुर्चीवर बसलेच. चाळीसच्या चाळीस आली, तो म्हणाला. गाडी छान चालली. मग त्यानं वळून दाराची कडी लावली.

आमच्याकडे दाराला कडी लावत नाहीत. माणूस घरात नसला तर दाराला झाडू टेकवून जायचं, येणाऱ्याला कळतं. आमची कडी सासूबाईंच्या वेळेपासून रंगाच्या थरांखाली चिकटलेली होती. ती हलते हेच मला ठाऊक नव्हतं. वारा असेल, मी म्हटलं. दार आपटू नये म्हणून लावली असेल.

मी वाटाण्याचं सूप वाढलं. तो आपल्या जागी बसला, देवाच्या कोपऱ्याकडे तोंड करून क्रुसाची खूण केली आणि जेवणाआधीची प्रार्थना म्हटली. मी डोळे मिटून ऐकत होते. शब्दन् शब्द स्पष्ट आला, शेवटपर्यंत. एव्वान कुठल्याही प्रार्थनेचे शेवटचे दोन शब्द कायम गिळतो. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी त्याला त्यावरून चिडवलं होतं आणि पाद्रीबाबांनी तर नाद सोडून दिला होता. आज एकही शब्द पडला नाही. त्या प्रार्थनेत काही म्हणता काही खोट नव्हती.

मी डोळे उघडले. तो सूप पीत होता, आवाज न करता.

चुलीशेजारच्या चटईवर त्याचे बूट होते. त्यांच्यावरचा बर्फ मी पाहत बसले. कुठलाही बर्फ तिथं दोन मिनिटं टिकत नाही, खाली डबकं होतं आणि मी फडकं घेऊन उठते. सूप संपलं. चटई कोरडी होती. बर्फ तसाच होता, सुटा, पांढरा, पिठासारखा.

"जरा पडतो," तो म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. पलंग त्याच्या वजनाला वाजतो तसाच वाजला.

७

मी किती वेळ बसले सांगता येत नाही. भांडी धुवायची राहिली होती. खिडकीतून काठ दिसत होता आणि काठावर आमची गाडी उभी होती, उन्हात, झाकणावरून वाफ येत असलेली. मी स्वतःला विचारलं, तुझा नवरा आत झोपलाय, दमलाय, तुला काय हवंय आणखी? उत्तर सोपं होतं. आउनेबाईंनाही ते सोपंच वाटलं असणार.

दुसरा आवाज आला नाही. इंजिनाचा आलाच नाही. मी खिडकीला कान लावून तळ्याकडे ऐकत होते आणि म्हणून पावलं मला उशिरा ऐकू आली. ती काठाकडून येत नव्हती. रानाच्या वाटेनं, तळ्याला वळसा घालून येत होती. जड, ओढत टाकलेली, मधेच थांबणारी. अंगणात एकदा माणूस पडल्याचा आवाज झाला.

ओसरीवर बूट झटकायचा प्रयत्न झाला. मूठ दारावर आली, मग कडीपाशी खटकन अडकलं. पुन्हा ढकललं.

"नास्का?" आवाज ओठ न हलता आल्यासारखा होता. "दार का लागत नाहीये... उघडत का नाहीये?"

मी उठले नव्हते. माझे हात मांडीवर होते.

"बेटाशी उतरलो," तो बाहेरून म्हणाला. "एक जनावर अडकलं होतं. मागं वळलो तर गाडी नाही." तो थांबला. त्याला काठ दिसला असावा. "नास्का, गाडी इथं कशी?"

आतून पलंग करकरला.

"बस, नास्का," आतला आवाज म्हणाला. किती प्रेमानं म्हणाला. "थंडी आत येईल. मी आलोय ना घरी."

बाहेर कुणीतरी दाराला टेकून हळूहळू खाली बसलं. फळ्यांवर पाठ घासत गेलेली मला ऐकू आली. आणि मग तो पुटपुटायला लागला, आमची वाटेवरची प्रार्थना, दात वाजत, अडखळत. मी ती शेवटपर्यंत ऐकली. शेवटचे दोन शब्द आले नाहीत. थंडीनं गिळले, की त्यानं, ते मला कळायला मार्ग नव्हता. दोघांतला कुठला माझा हे ठरवायला माझ्याजवळ तेवढंच होतं, आणि ते पुरेसं नव्हतं.

माझ्या मागं खोलीचं दार उघडलं. अनवाणी पावलं फरशीवरून येऊ लागली, सावकाश, न घाबरवता. मी वळले नाही. कडी इतकी गार होती की कातडी तिला चिकटली. ती हलेना. देवाचं नाव घेऊन मी सगळं अंग तिच्यावर टाकलं आणि ती सरकली.

दाराबरोबर तो आत कोसळला. पापण्यांवर बर्फ, दाढीत बर्फ, एक मोजा हरवलेला. मी त्याला काखेत धरून उंबऱ्याच्या आत ओढलं, आणि माझ्या गळ्याशी त्याच्या दाढीतला बर्फ वितळून पाण्याचा ओघळ झाला. रडू आलं मला. एव्वान, एव्वान, इतकंच मी म्हणत होते.

मागची पावलं थांबली होती.

एव्वाननं मान उचलली. त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली आणि तिथंच राहिली. तो ओरडला नाही. वाकडी झालेली बोटं वर नेऊन त्यानं डोक्यावरची टोपी काढली, दुसऱ्याच्या घरात शिरताना यजमान समोर दिसला की काढतात तशी.